तक्त्यावरचा चौथा मुद्दा

“सर, हे तुम्ही तुमच्या स्वतःच्या गाडीत घालाल का?”

प्रश्न माझा नव्हता, पैजेचा होता. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक आमच्या टेबलासमोर आले की त्यांना हेच विचारायचं, असं अश्विनी आणि रुकसारनं सकाळी एसटीतच ठरवलं होतं. विचारलं तर रुकसारच्या अम्मीच्या हातची बिर्याणी. नाही विचारलं तर आठवडाभर दोघींची दप्तरं मी उचलायची.

मी तेव्हा नववीत होते. आठवीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. मग वक्तृत्वात चुकून दुसरा नंबर आला आणि त्यानंतर मी थांबेचना. घोडकेबाई म्हणायच्या, “धनश्री, मध्ये श्वास तरी घे गं.” आता बारावीत आहे, अजूनही घेत नाही. पण त्या दिवशी घेतला असता तर बरं झालं असतं.

टेबलावर आमच्या तीन बाटल्या होत्या. पहिलीत एसटी स्टँडवरच्या वडेवाल्याकडून आणलेलं काळंकुट्ट तळणाचं तेल. दुसरीत तेच तेल, पण खाली ग्लिसरीन बसलेलं. तिसरीत मधासारखं पिवळं बायोडिझेल. मागे तक्ता, त्यावर सात मुद्दे, सगळे माझ्या अक्षरात.

परीक्षक कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजचे होते. प्रश्न ऐकून ते हसले, तिसरी बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, “माझं राहू दे. तुमच्या घरी डिझेलची गाडी आहे का?”

“आहे ना सर. पिकअप आहे. वीस वर्षं जुनी.”

“मग तू घातलंस का तिच्यात?”

पाठीमागून रुकसारनं मला चिमटा काढला. आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं बघायला लागली होती. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते कुठल्याच पैजेत नव्हतं.

“घातलंय की सर. वीस टक्के. महिना झाला, मस्त चालते.”

“अरे वा!” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. “हीच गोष्ट इथं कुणी करत नाही. जिल्ह्याला येताना वडिलांकडून दोन ओळी लिहून आण. किती किलोमीटर झाले, काय फरक वाटला.”

पहिला नंबर आमचा आला. परत येताना एसटीत अश्विनी म्हणाली, “धने, कधी घातलंस गं? आम्हाला बोलली नाहीस.”

“घालणार आहे,” मी म्हणाले.

तिघी जणी इतक्या हसलो की कंडक्टर ओरडला.

खरंच, मला त्यात खोटं वाटलंच नव्हतं. जिल्ह्याचं प्रदर्शन महिन्याभरावर होतं. तोवर घातलं की झालं खरं!

पप्पांची पिकअप मासळीचं बी वाहायची. उजनीच्या पाण्याकाठी आमच्या गावाबाहेर एक मत्स्यबीज केंद्र आहे. तिथं बोटाएवढी पिल्लं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरतात, अर्धं पाणी, अर्धा ऑक्सिजन. मग गाड्या ती पिशव्यांची रास लांबलांबच्या तलावांवर पोचवतात. पिशवीतल्या हवेवर पिल्लं काही तास जगतात. ऊन वाढायच्या आत पोचायचं, मध्ये थांबायचं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला केंद्राच्या गेटवर आठ गाड्या लागायच्या, आणि त्या आठही गाड्यांचं काम एकच माणूस बघायचा. मल्लिनाथ मिस्त्री. सगळे मल्लूमिस्त्री म्हणायचे, मी मल्लूमामा. आमची पिकअप घेतली तेव्हा तो तासभर तिच्याखाली झोपून सगळं बघून आला होता आणि एकच शब्द म्हणाला होता, “घे.” म्हणून पप्पांनी घेतली. मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पिकअप त्याच्याकडून सर्व्हिसिंग होऊन आली. ती सोडायला तो स्वतः आला आणि अंगणात चहा पीत बसला.

“ऑइल बदललंय, डिझेल फिल्टर नवा टाकलाय,” तो म्हणाला. “पण उत्तम, टाकी एकदा उतरवून धुवायला पायजे बरं का. तळाला इंचभर चिखल असंल.”

“सीझन संपू दे,” पप्पा म्हणाले. “दिवाळीनंतर बघू. आत्ता एक दिवस गाडी उभी करणं परवडत न्हाई.”

“बघ बाबा. मी आपलं सांगायचं काम केलं.” मग माझ्याकडं वळून, “काय शास्त्रज्ञ! ऐकलं, वड्याच्या तेलावर गाड्या पळवतीस म्हणं? आम्ही काय मग भजी तळायची का आता?”

“तुम्ही तळा, मामा. तेल मी नेते,” मी म्हणाले. तो खो खो हसला, मिशीला चहा लागला.

दुपारी पप्पा जेवून झोपले. शाळेतून आणलेला बायोडिझेलचा पाच लिटरचा कॅन माझ्या खाटेखाली होता. किल्ली खुंटीला होती. काटा बघितला, टाकीत वीसेक लिटर डिझेल होतं. वीसात पाच मिळवले की पंचवीस, त्यातले पाच म्हणजे बरोब्बर वीस टक्के. गणित इतकं छान बसलं की मला आनंदच झाला. स्वयंपाकघरातलं नरसाळं आणलं, ओतलं, झाकण लावलं, नरसाळं राखेनं घासून जागेवर ठेवलं. मम्मीनं विचारलं, “आज भांडी घासायला कशी काय आठवली?” मी म्हणाले, “अगं, सहज.”

रविवारी आणि सोमवारी गाडी गावातल्या गावात फिरली. सोमवारी संध्याकाळी पप्पा खुशीत आले. “आवाज किती मऊ झालाय इंजिनाचा! धूर पण कमी. मल्लूच्या हातात जादू हाय राव.”

मी वहीत लिहून घेतलं. ‘आवाज मऊ झाला. धूर कमी.’ खाली पप्पांची सही केली. त्यांची सही म्हणजे एक उ आणि पुढं एक लांब रेघ, काही अवघड नव्हती.

मंगळवारी शाळेला सुट्टी होती. “मी पण येते,” म्हणाले, कारण मला किलोमीटर लिहायचे होते. चाळीस पिशव्या, वीस हजार पिल्लं, वरून ओली पोती आणि ताडपत्री. सात वाजता निघालो. एकशे चाळीस किलोमीटरवर एका गावच्या तलावात बी सोडायचं होतं. पप्पा गाणं म्हणत होते. आवाज अजिबात चांगला नाही त्यांचा, पण गाडीत म्हणतात.

साडेदहाला चढावर गाडीनं एक आचका दिला.

पप्पांचं गाणं थांबलं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी खोकल्यासारखं करून पुढं सरकली, पुन्हा आचका, आणि मग रस्त्याच्या कडेला गप्प उभी राहिली.

“असं कसं?” पप्पा खाली उतरले. बॉनेट उघडलं, डिझेलचा हातपंप मारून हवा काढून बघितली. दोनदा सुरू झाली, दोनदा बंद पडली. मग त्यांनी फिल्टर खोलला. तीन दिवसांपूर्वीच टाकलेला नवा फिल्टर डांबरासारख्या गाळानं भरला होता.

“आरं, शनिवारी टाकलाय ना हा?” ते फिल्टरलाच विचारत होते.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. तक्त्यावरचा चौथा मुद्दा मला पाठ होता. मीच लिहिला होता तो, हिरव्या स्केचपेननं: ‘जुन्या गाडीत वापरण्याआधी टाकी उतरवून धुवावी. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवते व तो फिल्टरमध्ये अडकतो.’ परीक्षा असती तर पाचपैकी पाच मिळाले असते.

“पप्पा,” मी म्हणाले.

“थांब गं. मल्लूला फोन लावू दे.”

मी थांबले. खूप वेळ थांबले.

मल्लूमामा मोटारसायकलवरून एक वाजता पोचला. तोवर आम्ही जवळच्या विहिरीवरून कळशीनं पाणी आणून पोत्यांवर ओतत होतो. विहिरीवरच्या आजीनं तिचीच कळशी दिली होती. तिनं ताडपत्रीखाली वाकून बघितलं आणि विचारलं, “ही सगळी वरच का आलीत गं, पोरी?” पिल्लं पिशव्यांत वर आली होती आणि तोंडं उघडून पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहिली होती. मी कळशी घेऊन परत विहिरीकडं गेले.

मामानं काढलेला फिल्टर हातात घेतला. त्यातला गाळ अंगठ्यावर घेऊन चोळला. नाकाशी नेला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. जास्त वेळ नाही, चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढाच वेळ.

“काय झालंय?” पप्पांनी विचारलं.

“टाकीतला चिखल वर आलाय,” मामा म्हणाला.

“आत्ताच कसा काय वर आला? वीस वर्षं न्हाई आला तो?”

मामानं फिल्टर फडक्यात गुंडाळून आपल्या डिकीत टाकला आणि नवा बसवला. पंधरा किलोमीटरवर तोही तुंबला. दुसरा होता म्हणून बरं. तलावावर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते.

तिथल्या बायका नटून उभ्या होत्या. पहिलं बी सोडताना त्या तलावाला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. सकाळी दहापासून बसल्या होत्या म्हणे. पिशव्या उघडायच्या आधी तलावात तरंगत ठेवाव्या लागतात, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. चाळीस पिशव्या पाण्यावर ठेवल्या. एका पोक्त बाईनं पहिली उघडली आणि हातानं पाणी आत घेतलं. आतून काही निघालं नाही. मग हळूहळू पांढरी पोटं वर आली, एकेक करत, सगळीकडं. तिनं हातातलं कुंकू परत ताटात ठेवलं.

“जाऊ द्या दादा,” ती पप्पांना म्हणाली. “गाडीचं काय सांगता येतंय?”

चाळीसातल्या तीन पिशव्यांतली पिल्लं जगली.

शुक्रवारी सकाळी मी सायकलवरून क्लासला निघाले होते. वाटेत केंद्राचं गेट लागतं. आठही गाड्या लागल्या होत्या. मल्लूमामा कुणाच्या तरी गाडीखालून बाहेर येत होता आणि पप्पा त्याच्यासमोर उभे होते.

“वीस वर्षं तुझ्यावर डोळे झाकून भरवसा ठेवला मी, मल्ल्या! आन तू काय केलंस? फिल्टर टाकला का नुसता पुसून बसवला?”

“उत्तम, हळू बोल.”

“का हळू? ऐकू दे की सगळ्यांना! वीस हजार जीव गेले तुझ्या हातानं. त्या बायांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं मला.”

मामा अंगावरची धूळ झटकत उभा होता. तो टाकीचं बोलला होता, आमच्याच अंगणात, आमचाच चहा पीत. पप्पा विसरले होते. मी विसरले नव्हते. मला वाटलं, आता तो सांगेल. मी सायकलचं हँडल घट्ट धरलं.

“माझ्याच हातनं राहिलं असंल,” मामा म्हणाला. “चुकलं.”

बाकीचे सात ड्रायव्हर एकमेकांकडं बघत होते. दत्तू ड्रायव्हर हळूच म्हणाला, “आमच्या पण गाड्या हाच बघतो की.”

मी पेडल मारलं आणि क्लासला गेले.

पुढचे तीन आठवडे मी इतकी बडबड केली की रुकसार म्हणाली, “तुला ताप आलाय का?” घरी पप्पा गाणं म्हणत नव्हते. टाकी तालुक्याच्या गॅरेजमध्ये धुऊन घेतली. मम्मी एकदा म्हणाली, “मल्लूदादा आला न्हाई किती दिवसांत चहाला.” पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

जिल्ह्याला आम्हाला ढाल मिळाली. तिथले परीक्षक वेगळे होते, एक मॅडम होत्या. त्यांनी पप्पांच्या सहीचा कागद वाचला, मग तक्त्यावर बोट ठेवलं, नेमकं चौथ्यावर.

“मला हे सगळ्यांत आवडलं,” त्या म्हणाल्या. “मुलं फक्त फायदे लिहितात. तुम्ही धोकासुद्धा लिहिलात. असा प्रामाणिकपणा हवा.”

घोडकेबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तक्ता गुंडाळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शाळा सुटल्यावर मी मल्लूमामाच्या गॅरेजवर गेले. तिथं नेहमी दोन-तीन गाड्या उभ्या असायच्या. त्या दिवशी एक मोटारसायकल होती, आणि तीही मामाचीच. मामा खुर्चीत बसून पान्हे पुसत होता. स्वच्छच होते ते, तरी पुसत होता.

“या शास्त्रज्ञ! ढाल मिळाली म्हणं?”

“गाड्या कुठं आहेत, मामा?”

“तालुक्याला जातात आता. दत्तू, सोमा, सगळेच.” त्यानं एक पान्हा रांगेत ठेवला. “लांब पडतं त्यांना. पण भरवसा म्हणून असतो की नाय माणसाचा.”

मग तो उठला, मागच्या फळीवरून फडक्याची गुंडाळी काढली आणि माझ्या हातात दिली. “वास घे.”

मी घेतला. डिझेलच्या वासाखाली एसटी स्टँडवरचा वास होता, वड्यांचा.

“तुम्हाला तेव्हाच कळलं होतं,” मी म्हणाले.

“चाळीस वर्षं नाक डिझेलात हाय माझं.”

“मग पप्पांना सांगितलं का नाहीत?”

“रस्त्यावर सांगितलं असतं तर त्यानं तुला तिथंच बडवली असती. रागात होता तो.” तो परत खुर्चीत बसला. “म्हटलं, पोरगी हुशार हाय. बोलायला तर काय, ऐकत न्हाई कुणाला. घरी जाऊन सांगंल. आज न्हाई तर उद्या.” त्यानं पुढचा पान्हा उचलला. “त्या मंगळवारपासून तेवीस दिवस झाले, धने. मी आपला वाट बघतोय.”

त्याचा आवाज चिडलेला नव्हता. चिडला असता तर मी रडले असते आणि सुटले असते.

घरी आले. मम्मी भाकरी थापत होती, पप्पा ताटावर बसले होते. माझंही ताट वाढलेलं होतं. ढाल टीव्हीवर ठेवली होती, मम्मीनं तिला सकाळी हळदकुंकू लावलं होतं.

मी बसले नाही. “पप्पा, मल्लूमामानं काही केलं नव्हतं. टाकीत मी बायोडिझेल घातलं होतं. पाच लिटर. शनिवारी, तुम्ही झोपल्यावर. त्यानं गाळ सुटला. मला माहीत होतं सुटतो ते. आणि तुमची सहीपण मीच केली.”

मम्मीचा हात तव्यावर तसाच राहिला. “काय बोलतीस तू?”

पप्पांनी घास खाली ठेवला. मला वाटलं उठतील. ते उठले नाहीत. ताट बाजूला सारून म्हणाले, “त्यानं टाकीचं सांगितलं होतं मला. इथंच. चहा पिताना.”

“हो.”

“आन त्याला ठाऊक होतं, तू घातलंस ते?”

“वासावरनं. रस्त्यावरच.”

भाकरी करपल्याचा वास आला. मम्मीनं ती उचलून बाजूला टाकली, पण नवी थापली नाही.

“ठीक हाय,” पप्पा शेवटी म्हणाले. “सकाळी जातो मी त्याच्या घरी. हात जोडतो. मिटवतो. तू कुणापाशी बोलू नको. पोरीच्या जातीला उगाच गावभर कशाला...”

“नको पप्पा.”

“नको म्हणजे?”

तालुक्याच्या हॉलमध्ये खोटं बोलताना मी मध्ये श्वास घेतला नव्हता. आता घेतला.

“उद्या शुक्रवार आहे. ढाल मी शाळेत परत देणार आहे, बाईंना सगळं सांगून. पण त्याआधी सहा वाजता मी गेटवर जाणार आहे. तक्ता घेऊन. चौथा मुद्दा वाचून दाखवणार आहे आणि मग सांगणार आहे की तो मीच लिहिलेला आणि तरी मीच ओतलं.”

“अगं, चारचौघांत...” मम्मी म्हणाली.

“पप्पा मामाला बोलले तेव्हा चारचौघं नव्हते, मम्मी. आठ गाड्या होत्या. तुम्ही दोघं आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार आहे. आणि आठवी गाडी लागेपर्यंत तोंड उघडणार नाही.”